शेवटच्या भागातला पाळणा

आमच्या घरात टीव्हीवरच्या त्या माणसाला ‘तोंड’ म्हणायचे. सुरुवात आईने केली आणि मग सगळ्यांनाच सवय लागली. "आज तोंडाने कुठला शर्ट घातलाय?" "तोंडाला सर्दी झालीय वाटतं, आवाज बसलाय." बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही बाई कुणाचा तरी उद्धार करतेय. तसं काही नव्हतं. ती सरळ वाटणी होती. कार्यक्रमात तोंड त्या माणसाचं होतं आणि हात माझ्या बाबांचे.

कार्यक्रम सुतारकामाचा. रविवारी सकाळी साडेदहाला, एका मराठी वाहिनीवर. एक गोरापान, देखणा नट रंधा हातात घेऊन हसायचा, "चला, आज आपण करूया भिंतीवरची मांडणी," असं म्हणायचा आणि मग कॅमेरा खाली हातांवर यायचा. रंधा सरसर चालायचा, पटाशी बरोब्बर रेघेवर बसायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, वा, काय हात आहे या माणसाचा! कसला हात न् कसलं काय. त्या माणसाला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता. नऊ वर्षं, दर रविवारी, ते हात बाबांचे होते.

बाबा मूळचे राजापूरकडचे, पिढीजात सुतार. मी शाळेत असताना आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो आणि बाबांनी भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला. तिथे एकदा एक निर्माता कपाट करून घ्यायला आला. कपाट राहिलं बाजूला, तो बाबांच्या हातांकडेच बघत बसला. "काका, टीव्हीवर काम करणार का?" बाबांना वाटलं, सेट बनवायला बोलावतोय. गेले. शूटिंग डोंगरीला, एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात. भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडायची, डोंगरीला उतरायचं, दहा मिनिटं चालायचं. तिथे गेल्यावर त्यांना कळलं की बोलावलंय ते फक्त त्यांच्या कोपरापर्यंतच्या भागाला.

मग सुरू झाले एकेक सोपस्कार. तोंडाचा जो चौकड्यांचा शर्ट, तसाच दुसरा बाबांना. तोंडाच्या मनगटावर घड्याळ, म्हणून बाबांच्याही मनगटावर तसंच घड्याळ, पण बंद. मेकअपवाला माणूस बाबांच्या हातांना कोपरापर्यंत क्रीम-पावडर थापायचा, कारण तोंड गोरं होतं आणि बाबा आमच्यासारखेच काळे. नखांत बसलेलं पॉलिश तो टूथब्रशने घासून काढायचा. बाबा घरी यायचे ते हात गोरे आणि बाकी सगळे होते तसे. आई दार उघडून म्हणायची, "आले! हात नवरदेवाचे आणि तोंड आचाऱ्याचं!" बाबा हसायचे. मला मात्र हसू येत नसे. बोलायला मी पहिल्यापासून फटकळ, आईच्या मते माझ्या जिभेला हाडच नाही. मी म्हणायचे, "बाबा, उद्या तो म्हणेल डोळे द्या, तर तेही देणार का?"

तिथली कामाची पद्धत मजेशीर होती. अर्ध्या तासात पाट कसा तयार होतो? तर पाट तीन असतात. एक नुसतं फळकूट, एक अर्धा झालेला, एक पॉलिश मारून चकचकीत. तिन्ही बाबांनीच आधी गाळ्यात करून ठेवलेले. पहिला तोंडाने हातात धरून दाखवायचा, दुसऱ्यावर बाबांचे हात चालायचे, तिसरा शेवटी पुढे यायचा. तिसरा वाहिनीवाले घेऊन जायचे आणि पहिले दोन आमच्या घरी यायचे. त्यामुळे आमचं घर म्हणजे अर्धवटांचं गाव झालं होतं. तीन पायांचं स्टूल, दार नसलेलं देवघर, एकीकडेच दांडी असलेला टॉवेलचा स्टँड. समोरच्या गुजराती बेन विचारायच्या, "भाभी, आपके यहाँ सब आधा आधा क्यूँ है?" आई म्हणायची, "हमारा आदमीच आधा दिखता है टीवी पे, तो फर्निचर का क्या लेके बैठे हो!"

आई हे हसून म्हणायची, पण बाबांना ते कुठेतरी लागायचं. ते मला कळलं गणपतीत, गावी. बाबांना सुतारकी त्यांच्या थोरल्या भावाने शिकवलेली, म्हणजे माझ्या काकांनी. काकांनी हा कार्यक्रम बघायला म्हणून खास डिश बसवून घेतली होती. रविवारी अख्खी वाडी ओटीवर जमली. कार्यक्रम सुरू झाला, तोंड आलं, हसलं, कॅमेरा खाली गेला. बाबा जरा पुढे सरकून म्हणाले, "ते बघा, ते माझे हात." पोरं फिदीफिदी हसली. एक म्हातारा म्हणाला, "मग ते पाय माझे रे!" सगळी ओटी हसली. काका तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "हात तुझेच. तो रंधा धरायला मीच शिकवलाय, मी ओळखणार नाय तर कोण? पण तू खंय आहेस त्यात? माणूस खंय आहे?"

"दाखवतील कधीतरी," बाबा म्हणाले.

पुढे दर गणपतीत काकांचा हाच प्रश्न आणि बाबांचं हेच उत्तर. बाबा स्वतःहून कधी कुणापाशी काही मागायचे नाहीत. पण एकदा मी कॉलेजमधून लवकर घरी आले तर बाबा आरशासमोर उभे. हातात रंधा. आरशाला सांगत होते, "चला, आज आपण करूया..." मला बघितलं आणि रंध्याची धार बघितल्यासारखं केलं. तेवढी एकच वेळ असेल जेव्हा मी गप्प बसले.

कार्यक्रम संपायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं लग्न झालं होतं, सासर भाईंदर पश्चिमेला. दिवस गेले. बाबांना इतका आनंद झाला की विचारू नका. पाचवा लागतोय न लागतोय तोच त्यांनी सागवानी पाळणा केला, माहेरच्या हॉलमध्ये कड्या ठोकून टांगला आणि झोके देऊन बघायला लागले. आई ओरडली, "अहो, रिकामा पाळणा हलवू नये!" बाबा म्हणाले, "अगो, कडी वाजते का बघतोय. पोराची झोप मोडायला नको." मीही हसले. पंधरा दिवसांनी सगळं संपलं. दोन रात्री मी नर्सिंग होममध्ये होते. डॉक्टरबाईंनी आईला आणि माझ्या नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून काय झालं, का झालं ते नीट समजावून सांगितलं. बाबा बाहेर बाकावर चहाचा थर्मास घेऊन बसले होते. मी माहेरी आले तेव्हा हॉलमध्ये पाळणा नव्हता, कड्याही नव्हत्या. नुसती भोकं होती, तीही पुट्टीने बुजवलेली. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी आधीच टाका घातला आणि सांगितलं, झोपून राहायचं. म्हणून मी सातव्या महिन्यात माहेरी, हॉलमधल्या दिवाणावर आडवी. तेव्हाच बातमी आली की कार्यक्रम बंद होतोय. वाहिनीला आता नाचगाण्याच्या स्पर्धा हव्या होत्या. आणि खरं सांगायचं तर मांडणी घरी करतो कोण? मीरा रोडला रेडिमेड फर्निचरची दुकानं एकाला लागून एक उघडत होती. लोक भुशाच्या फळ्यांची कपाटं टेम्पोत घालून न्यायचे. बाबांनी बातमी सांगितली आणि जेवायला बसले. भात कालवला आणि तसाच ठेवला. आई म्हणाली, "जेवा हो. टीव्ही गेला म्हणून हात गेले नाहीत तुमचे."

दोन दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. पंचविशीतला मुलगा, बाबांना काका म्हणायचा. "काका, शेवटच्या भागात तुम्हाला दाखवणार. मी वरून परवानगी काढलीय. हातांवरून कॅमेरा वर वर जाईल, खांदा, आणि मग थेट तुमचा चेहरा. आम्ही सांगणार, नऊ वर्षं हे हात यांचे होते."

मी दिवाणावरच उठून बसले. आई धावत आली, "झोप गं बाई, झोप!" पण मला कसली झोप! तासाभरात मी अख्ख्या बिल्डिंगला कळवलं. बेनना हाक मारून सांगितलं, ऑफिसच्या मैत्रिणींना फोन केले, नया नगरच्या पॉलिशवाल्या चाचांना निरोप धाडला. काकांना फोन बाबांनी स्वतः केला. "दादा, येत्या महिन्यात शेवटचा भाग. त्यात मी दिसणार." पलीकडून काका काय बोलले कुणास ठाऊक. बाबा नुसतं "होय, होय" करत राहिले आणि फोन ठेवल्यावर उगाच चष्मा पुसत बसले.

मग कळलं की शेवटच्या भागात करायचाय पाळणा.

"पाळणा?" आई कडाडली. "मेल्यांना दुसरं काय सुचलं नाही? पाट करा, चौरंग करा, ताकाची रवी करा! घरात पोटुशी पोर, आणि हे पाळणा करणार?" दिग्दर्शकाचं म्हणणं, शेवटाला नवीन सुरुवातीचं काहीतरी हवं. मी म्हटलं, "आई, तू गप्प बस. टीव्हीतला पाळणा तो. आपला काय संबंध?" बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "बाबा, खरंच, मला काही वाटत नाही." मला खरोखरच काही वाटत नव्हतं. मी नोकरी करणारी, शिकलेली बाई, असल्या गोष्टींचा मला उलट रागच यायचा.

बाबांनी पाळणा केला, पण तीन केले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पद्धत मोडली. "एकच करणार," त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं. "जसा होईल तसा शूट करा. पाळणे तीन-तीन करायचे नसतात." त्यामुळे एका भागाचं शूटिंग तीन दिवस चाललं. पाळण्याची एक ढलपीसुद्धा त्यांनी घरी आणली नाही. कपड्यांवरचा भुसा जिन्यात झटकून मगच घरात यायचे.

शेवटच्या दिवशी बाबा सकाळी सलूनला जाऊन आले. आईने पांढरा सदरा इस्त्री केला. या भागाला पावडर नाही, घड्याळ नाही, चौकड्यांचा शर्ट सवयीने पिशवीत टाकला तेवढाच. मी दिवाणावरून ओरडले, "हसा हं बाबा, नाहीतर पासपोर्टच्या फोटोसारखं तोंड कराल!" ते दारातून हसून दाखवून गेले.

संध्याकाळी आले. "झालं?" मी विचारलं. "झालं," म्हणाले आणि आंघोळीला गेले. मला वाटलं, कार्यक्रम संपल्याचं दुःख असणार.

रविवार आला. आमच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बेन ढोकळा घेऊन आल्या, "भाईसाब आज पूरे दिखेंगे ना?" बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी म्हटलं, "बाबा, पुढे बसा ना!" म्हणाले, "इथून दिसतंय." कार्यक्रम सुरू झाला. हात आले, आणि ते खरोखर बाबांचे हात होते. काळे, शिरा वर आलेले, अंगठ्याचं नख चिरलेलं. बेन म्हणाल्या, "अरे, ये तो सच में भाईसाब के हैं!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा दांडा बसला. आता कॅमेरा वर जाणार.

कॅमेरा वर गेलाच नाही. चित्र बदललं. पाळणा टांगलेला, आणि बाजूने तोंड आलं. त्याने एका बोटाने पाळण्याला झोका दिला, डोळे पुसले, नऊ वर्षं प्रेम दिल्याबद्दल आभार मानले. रिकामा पाळणा हलत राहिला, गाणं वाजलं आणि साबणाची जाहिरात लागली.

बेन ढोकळ्याचं ताट उगाच इकडून तिकडे सरकवत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. काका. बाबांनी उचलला. "होय दादा... बघितलंस ना?... हात होते ना शेवटपर्यंत... नाय, तेवढंच... राहून गेलं." फोन ठेवून ते आत गेले.

लोक गेल्यावर मी दिग्दर्शकाला फोन लावला. त्याला शिव्याच घालणार होते. तो बिचारा उलट मलाच म्हणाला, "ताई, मी काय करू? काकांनीच नाही म्हटलं. शॉट असा होता की काका पाळण्याला झोका देणार, हात दिसणार आणि मग चेहरा. काका झोका देईनात. दोन तास समजावलं. म्हणाले, रिकामा हलवणार नाही, आत वरवंटा ठेवू द्या, मग हलवतो. आता ताई, शेवटच्या भागात पाळण्यात दगड कसा दाखवणार? वरूनही नाही म्हणाले. शेवटी सरांना उभं केलं."

मला वरवंट्याचं कळत होतं. आपल्याकडे बारशाला आधी वरवंटा पाळण्यात घालतात, बाळासारखा, आणि मग बाळ. पण तेव्हा मी समजून घ्यायच्या मनःस्थितीत होते कुठे! मी फोन आपटला.

"एक झोका!" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. "एक झोका द्यायचा होता, बाबा! नऊ वर्षं पावडर लावून घेतलीत तेव्हा नाही काही आडवं आलं? काका तिकडे डोळ्यांत तेल घालून बसले होते. अख्खी वाडी बसली असेल. तुम्हाला लपायचंच असतं. दुसऱ्याच्या शर्टात बरं वाटतं तुम्हाला!"

बाबा बाहेर आले. मला वाटलं, आता चिडतील. चिडायला हवं होतं. "तू चिडू नको गो," ते म्हणाले. "या दिवसांत चिडू नये. पोराला त्रास होतो." आणि मला पाण्याचा पेला दिला. मी तो घेतला नाही. आई एक शब्द बोलली नाही, आणि आई गप्प बसते म्हणजे काहीतरी आहे, एवढंही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे जेवढ्यास तेवढं. दिवस भरले, मुलगी झाली, सुखरूप. बारसं खालच्या मजल्यावरून आणलेल्या लोखंडी पाळण्यात केलं. ज्याच्या तीन पिढ्या सुतार, त्याच्या नातीला लोखंडी पाळणा! मी तेही ऐकवलं. बाबा दाराशी उभे राहून नातीकडे बघत होते, जवळ आले ते तिला पाळण्यातून काढल्यावर.

मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा डोंगरीहून फोन आला. बंगल्याच्या मालकीणबाई. म्हातारी बाई, बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची, सगळे तिला मावशी म्हणायचे. बाबांची हत्यारांची पेटी तिथेच राहिली होती, घेऊन जा म्हणाली. बाबा "जाईन, जाईन" म्हणत होते आणि जात नव्हते. मी वैतागले. मुलीला आईकडे ठेवलं आणि स्वतःच बस पकडली.

व्हरांड्यात क्रूसाच्या तसबिरीखाली तोच पाळणा टांगलेला होता, वाहिनीवाल्यांनी तो नेलाच नव्हता. पहिल्यांदाच मी तो समोरून बघत होते. आत चौकड्यांच्या शर्टात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं. मी शर्ट बाजूला केला. वरवंटा.

"र्‍हाऊ दे, काडू नको," मावशी आतून आली. "तुजा बापूस ठेवून गेला हाय. बोलला, मावशी, रिकामा ठेवू नका. मग काय, माजा वरवंटा तवापासून हितंच. मी मिक्सरवर वाटतंय. मिक्सरच्या वाटणाला चव न्हाय."

मी म्हटलं, "तुम्हीच का दिलात त्यांना वरवंटा? त्याच्यापायी त्यांचा शॉट गेला."

"अगो, मीच त्याला बोलली, एक हात लाव न् सोड. देव काय बगत बसलाय? टीव्हीत दिसशील. सगळे जण बोलले. त्याचे डोळे भरले होते. त्याला दिसायचं होतं गो, लई दिसायचं होतं. तर मला हितं बाजूला घेऊन बोलला, मावशी, माजी पोर मला एकदा बोलली हाय, तुमी आदी पाळणा केलात म्हणून माजं बाळ गेलं. खरं का खोटं देवाला म्हाईत. पण या खेपेला मी हात लावणार न्हाय. टीव्ही गेला खड्ड्यात." मावशीने पदराने पाळण्याचा दांडा पुसला आणि विचारलं, "ती तुजी भैण काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

मी तिथेच पायरीवर बसले. मला आठवेना. आधी खरंच आठवेना. मी असं कधी म्हटलं? आणि मग आठवलं. नर्सिंग होम, दुसरा दिवस. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाबा थर्मास घेऊन आत आले, कपात चहा ओतला, म्हणाले, "घोटभर घे." आणि मी न वळता म्हटलं होतं, "तुम्हीच पाळणा हलवून ठेवलात." एवढंच. एक वाक्य. दुखत होतं, राग होता, समोर जे आलं त्याच्यावर काढला. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलेही. आणि त्यांनी घरी जाऊन कड्या काढल्या, भोकं बुजवली. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, ती मीच त्यांच्या डोक्यात ठोकून बसवली होती, आणि पुन्हा वर तोंड करून त्यांनाच बोल लावत होते. लाज वाटली मला. अशी लाज मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलेली नाही.

मी टेम्पो केला आणि पेटीबरोबर पाळणाही घरी आणला, वरवंट्यासकट. बाबांनी दार उघडलं, पाळणा बघितला आणि मागे सरकले. मी म्हटलं, "आता काय? आता तर नात आहे ना घरात?" मग त्यांनी मुकाट्याने पाळणा आत घेतला, जमिनीवर ठेवला, सवयीने एकेक जोड दाबून बघितला. समुद्राच्या हवेने काही हललंय का बघत होते. वरवंटा उचलून त्यांनी शर्टातून सोडवला.

"बाबा," मी म्हटलं, "नर्सिंग होममध्ये मी तुम्हाला बोलले होते."

त्यांनी वर बघितलं नाही. "दुखत होतं तुला. बोललीस."

"खोटं होतं ते."

"असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला काय ते कधी कळलं नाय. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, बायकांच्या गोष्टी आहेत, तुम्हाला काय करायच्यात. मग मी विचारलं नाय."

साडेतीन वर्षं. डॉक्टरबाईंनी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. आईने मावशांना सांगितलं, माझ्या सासूबाईंनी त्यांच्या बहिणींना. राजापूरपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त बापाला असल्या गोष्टी सांगायच्या नसतात म्हणून या एका माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

"पिशवी कमजोर होती माझी," मी म्हटलं. आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली, "अगं, बाबांना काय सांगतेस हे!" मी म्हटलं, "सांगू दे मला. बाबा, पिशवीला वजन पेलवलं नाही. जन्मापासूनच तशी होती. म्हणून या वेळी डॉक्टरांनी आधीच टाका घातला."

बाबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे जोड सैल होता," ते म्हणाले.

"हो."

"टाका घातल्यावर धरला?"

"धरला."

"मग पाळण्याने नाय झालं."

"नाही, बाबा."

"डॉक्टरबाई म्हणाल्या असं?"

"हो. तेव्हाच. दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्याच दिवशी," ते म्हणाले. वरवंटा त्यांच्या हातात होता. आईच्या खांद्यावर माझी मुलगी जागी होऊन कुरकुरत होती, पण कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. बाबांनी वरवंटा हळूच जमिनीवर ठेवला आणि पाळण्याच्या दांड्यावर हात ठेवला. अंगठ्याच्या नखाची ती चीर अजून तशीच होती.

"म्हणजे त्या दिवशी मी हलवला असता," बाबा म्हणाले, "तरी चाललं असतं."

"चाललं असतं, बाबा," मी म्हटलं.